१ एचपी मोटर, जड चाक आणि ५ केव्हीए अल्टरनेटर : ‘चौपट वीज’ मोजायची कशी?

पाणंद

आमच्या उपसा सिंचन संस्थेपुढे एक प्रस्ताव आलाय. १ एचपीची सिंगल फेज मोटर, तिला पट्ट्यानं जोडलेलं १०० किलोचं भरीव चाक (व्यास ६० सेंमी, १५०० आरपीएम) आणि चाकावरून दुसऱ्या पट्ट्यानं ५ केव्हीएचा अल्टरनेटर (फिरवला की वीज देणारं यंत्र). विक्रेत्याचा दावा असा की महावितरणकडून ७५० वॅट घ्यायचे आणि ३ किलोवॅट मिळवायचे. प्रात्यक्षिकात २०० वॅटचे १५ बल्ब लागतात, मोटरच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावून अँपिअर दाखवतात आणि दहा-बारा मिनिटांत सगळं आवरतात.

ऊर्जा अक्षय्यतेचा नियम कृपया सांगू नका, तो माहीत आहे. अडचण अशी की निम्मे संचालक "आम्ही डोळ्यांनी पाहिलं" म्हणतात, आणि डोळ्यांपुढे नियम हरतो. मला अशी चाचणी हवी आहे जी विक्रेत्यालाही आधी मान्य करावी लागेल आणि निकालानंतर तिला फाटे फोडता येणार नाहीत. हाताशी २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप, १५०० वॅटचे दोन हीटिंग रॉड, वजनकाटा आणि क्लॅम्प मीटर आहे. वर पंधरा हजारांपर्यंत खर्च करता येईल. यंत्र एक दिवस आमच्या शेडमध्ये ठेवायला विक्रेता तयार आहे. काय मोजायचं, कुठे मोजायचं आणि किती चूक चालेल?

तारतंत्री

आधी प्रात्यक्षिकातलेच आकडे सोलून बघू.

नेमप्लेटवरचा १ एचपी म्हणजे ७४६ वॅट खरे, पण ते शाफ्टवर मिळणारे. मोटर लाइनीतून किती ओढते, त्याचा तो आकडा नाही. या मापाची सिंगल फेज मोटर पूर्ण लोडला ७० टक्के कार्यक्षम धरली तर ती हजार-साडेदहाशे वॅट घेते. त्यात नेमप्लेटची मर्यादा मोटर किती तापते त्यावरून ठरलेली असते. जादा लोड टाका, ती दीडपट-दुप्पट ओढत राहील आणि दहा मिनिटांत काही जळणार नाही. तेव्हा ‘७५० वॅट’ हा आकडा मोजलेला आहे की पाटीवरून वाचलेला, हे सगळ्यात आधी विचारा. पाटी रिबिटावर असते, ती बदलताही येते. मोटरची फ्रेम १ एचपीच्या मानानं थोराड दिसते का, ते बघून घ्या.

क्लॅम्पचे अँपिअर गुणिले २३० म्हणजे व्हीए (व्होल्ट-अँपिअर), वॅट नव्हे. पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) ०.७ असेल तर या चुकीनं इनपुट उलट जास्त दिसतं, म्हणजे ही चूक विक्रेत्याच्या विरुद्ध जाते. हेही त्याला प्रामाणिकपणे सांगा. मात्र क्लॅम्प बल्ब लावायच्या आधी दाखवतात की नंतर, ते बघा. आणि मोटरमागे डिमरसारखा ट्रायॅक (तरंगाचा तुकडा कापणारा इलेक्ट्रॉनिक खटका) असेल तर ‘ट्रू आरएमएस’ (वाकड्या तरंगाचंही खरं मूल्य मोजणारा) नसलेला स्वस्त क्लॅम्प बराच कमी आकडा दाखवतो.

आता बल्ब. २०० वॅटचा बल्ब २०० वॅट घेतो तो २३० व्होल्टला. अल्टरनेटर लोडखाली १७० व्होल्टवर बसला तर प्रत्येक बल्ब सव्वाशे वॅटच्या घरात येतो, आणि पंधरा मिळून ३००० ऐवजी १८५० च्या आसपास भरतात. शेडच्या उजेडात डोळ्याला हे कळत नाही. बल्ब मोजून वॅट काढणं म्हणजे ताटं मोजून जेवण किती झालं ते सांगणं.

चाकाचंही गणित करून टाका, कारण पुढचा युक्तिवाद तोच असणार. १०० किलो, त्रिज्या ०.३ मीटर, भरीव तबकडी धरली तर जडत्व ४.५ किग्रॅ-मी². १५०० आरपीएमला साठलेली ऊर्जा ५५ किलोज्यूल, म्हणजे १५ वॅट-तास. १ किलोवॅटचा लोड ती एक मिनिटसुद्धा ओढत नाही. चाक धक्के खातं, क्षणभराचा लोड सांभाळतं, बास. पण चाचणी एक-दोन मिनिटांचीच असेल तर हीच ऊर्जा फुकटची वीज म्हणून खपते. म्हणून टॅकोमीटरनं (फेरे मोजणाऱ्या उपकरणानं) चाकाचा वेग सुरुवातीला आणि शेवटी नोंदवा. १५०० वरून १३५० वर आलं असेल तर चाकातून साडेदहा किलोज्यूल गेले. तासाभराच्या चाचणीत हा हिशेब किरकोळ ठरतो.

मोजायला एकाच मेकचे दोन सिंगल फेज स्टॅटिक एनर्जी मीटर घ्या, क्लास १ (चूक साधारण १ टक्क्याच्या आत). पुढच्या दिव्याखाली ‘३२०० इम्प/किलोवॅट-तास’ असं काही लिहिलेलं असतं. ३२०० असेल तर दर लुकलुकीला १.१२५ किलोज्यूल. डिस्प्लेवरचा दशांश पुढे सरकायची वाट बघण्यापेक्षा लुकलुक मोजणं अचूक. एक मीटर बोर्डापासून यंत्राकडे जाणाऱ्या एकमेव केबलवर लावा, दुसरा अल्टरनेटर आणि लोडच्या मध्ये. अर्धी चाचणी झाली की दोन्ही मीटर अदलाबदल करून तीच चाचणी पुन्हा घ्या. एखादा मीटर दोन टक्के खोटा असेल तर अदलाबदलीत उघडा पडतो, आणि "तुमचा मीटर खराब" म्हणायला जागा उरत नाही.

मीटरच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) हवाच. एक तर ओलं पिंप आणि रॉड, त्यामुळे जिवासाठी. दुसरं, फेज मीटरमधून आणून परतीचा प्रवाह अर्थिंगमधून पळवला तर काही मीटर कमी मोजतात. तसं झालं तर आरसीसीबी लगेच पडेल. तो ‘उगाच पडतो’ म्हणून कोणी बायपास करायला लागलं तर चाचणी तिथेच थांबवा.

उष्णतामापी

तारतंत्रींशी सहमत, पण आउटपुटसाठी मी विजेच्या मीटरवर विसंबणार नाही. अल्टरनेटरची फ्रिक्वेन्सी ५० वरून ४२ वर घसरली, तरंग वाकडा झाला, की विक्रेता म्हणणार, "ही वेगळ्या प्रकारची वीज आहे, तुमच्या मीटरला दिसत नाही." हीटिंग रॉडला मात्र कसलीही वीज द्या, शेवटी पाणी तापतं. तुमचं पिंप म्हणजेच उष्णतामापी. दुसरा मीटर असू द्या, पण साक्षीदार म्हणून.

रचना अशी. पिंपात १५० किलो पाणी घाला, बादली-बादलीनं वजन करून. पिंपावरच्या लिटरच्या खुणांवर जाऊ नका. पिंप साधारण ८ किलो प्लास्टिकचं असेल तर ते उष्णता धरण्यात साडेतीन किलो पाण्याइतकं भरतं. सगळं मिळून १ अंश तापवायला सुमारे ६४० किलोज्यूल लागतात. दावा खरा असेल तर ३ किलोवॅटनं तासाभरात १०,८०० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ १७ अंश. मोटर, दोन पट्टे आणि अल्टरनेटर यांची रोजची कार्यक्षमता धरली (०.७ × ०.९ × ०.८) तर ७५० वॅटमधून पावणेचारशेच वॅट पाण्यात पोचतील आणि पाणी २ अंशांनी तापेल. १७ आणि २ मधला फरक संचालकांना हात घालूनही कळेल. अर्थात हात घालायचा तो रॉड बंद करून, प्लग काढल्यावरच.

चुका कुठे होतात ते महत्त्वाचं.

पाणी ढवळलं नाही तर वर गरम आणि खाली गार असे थर होतात आणि थर्मामीटर कुठे आहे त्यावर निकाल ठरतो. रॉड वरून टांगलेले असतात, त्यामुळे तळातलं पाणी तासाभरातही जेमतेम कोमट होतं. मत्स्यालयातला १८ वॅटचा पंप तळाशी सोडा. त्याची तासाची ६५ किलोज्यूल उष्णता हिशेबातून वजा करा. सेन्सर तीन ठेवा, तळ, मध्य आणि वर. तिघांत ०.२ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर ढवळणं पुरेसं नाही.

सेन्सर म्हणून डीएस१८बी२० (डिजिटल तापमान सेन्सर) चालेल. त्याची हमी ±०.५ अंशाची, पण आपल्याला फरक मोजायचाय. तिन्ही एकत्र बांधून आधी बर्फाच्या चुऱ्यात (पाणी आणि बर्फ, नुसता बर्फ नव्हे) आणि मग ४० अंशांच्या पाण्यात बुडवा, एकमेकांतला फरक लिहून ठेवा. उकळत्या पाण्यानं जुळवायचा मोह झाला तर तुमची उंची विसरू नका. पुण्यासारख्या ५६० मीटरवरच्या गावात पाणी ९८ अंशांनाच उकळतं. एक परीक्षा आणखी : रॉड चालू असताना खटका बंद करा. वाचन एका सेकंदात अर्धा अंश उडालं तर तो विजेचा गोंगाट आहे, कारण १५० किलो पाणी सेकंदात अर्धा अंश बदलू शकत नाही. सेन्सरची वायर अल्टरनेटरच्या केबलशेजारून नेली की हे हमखास होतं.

झाकण घाला. १०० ग्रॅम पाण्याची वाफ उडून गेली तर सुमारे २४० किलोज्यूल गेले, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त. बाजूनं आणि खालून ५० मिमी थर्मोकोल. उघडं पिंप हवेपेक्षा ८ अंश गरम असताना शंभर-सव्वाशे वॅट गमावतं, गुंडाळलेलं दहा-पंधरा. आणि पाणी खोलीपेक्षा ८ अंश थंड असताना सुरू करून ८ अंश गरम असताना थांबवा. पहिल्या अर्ध्यात हवेतून जेवढी उष्णता आत येते, जवळपास तेवढीच दुसऱ्या अर्ध्यात बाहेर जाते.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी बहुतेक जण गाळतात. यंत्र जोडण्याआधी तेच रॉड, तेच पिंप, तोच मीटर घेऊन रॉड थेट महावितरणच्या विजेवर तासभर चालवा. मीटरनं १०,००० किलोज्यूल सांगितले तर पाण्यात ९,८०० ते १०,२०० सापडले पाहिजेत. सापडले नाहीत तर दोष पिंपाचा किंवा तुमचा, यंत्र अजून आलेलंच नाही. हीच चाचणी दिवसाच्या शेवटी पुन्हा घ्या. विक्रेत्याला ती समोर बसवून दाखवा आणि पिंप बरोबर मोजतं यावर त्याची सही घ्या. त्याच्या यंत्राची पाळी त्यानंतर.

अचूकतेचं म्हणाल तर वजन ०.३ टक्के, तापमान १७ अंशांत ०.१५ म्हणजे ०.९ टक्के, मीटर १, गळती १. वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ, तर दोन टक्क्यांच्या आत. कोणी १०३ टक्क्यांचा दावा केला असता तर ही मांडणी अपुरी पडली असती, मग चांगली प्रयोगशाळा लागली असती. ४०० टक्क्यांसाठी ही चैन आहे.

शंकासुर

वरची मोजणी उत्तम. फक्त दोघांनीही यंत्र आतून मोकळं आहे असं धरलंय.

१२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात. चौथऱ्याच्या पेटीत अशा चार ठेवल्या तर ७ युनिट, आणि ३ किलोवॅटचा तासाभराचा खेळ आरामात. मग उष्णतामापींचं पिंप इमानदारीनं १७ अंश दाखवेल आणि आपण सगळे फसू. म्हणून यंत्र जमिनीवरून उचलून चार लाकडी ओंडक्यांवर ठेवा, खालून आरपार दिसलं पाहिजे. पेट्या उघडा. उघडता येत नसतील तर वेळ वाढवा. यंत्राचं वजन बघा आणि त्या वजनात जास्तीत जास्त किती ऊर्जा मावेल ते काढा. शिसे-आम्ल बॅटरी किलोमागे ३० ते ४० वॅट-तास, लिथियमची साधारण २००. इनपुट-आउटपुटमधली जादा ऊर्जा त्या मर्यादेच्या दुपटीवर जाईपर्यंत चालवा. १०० किलोच्या न उघडता येणाऱ्या पेटीला लिथियमच्या हिशेबानं २० युनिट माफ. पुढचे २० मिळाले तर मी आदरानं बसून ऐकेन.

अटी आधी कागदावर. कोणता आकडा म्हणजे यश, किती वेळ, कोण काय हाताळणार. चालू असताना विक्रेत्यानं यंत्राला हात लावायचा नाही. ‘ट्यूनिंग’ आधी, हवं तेवढं करू द्या. थांबवावं लागलं तर ती फेरी रद्द, पण तिचीही नोंद ठेवायची. फक्त चांगल्या फेऱ्या मोजल्या की कुठलंही यंत्र चौपट देतं.

याला जुना आणि चांगला दाखला आहे. अमेरिकेत जोसेफ न्यूमन यांनी, घेतो त्यापेक्षा जास्त ऊर्जा देतं असा दावा असलेल्या आपल्या यंत्राच्या पेटंटसाठी सरकारशी खटला लढवला, तेव्हा तिथल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सनं १९८६ मध्ये ते यंत्र तपासलं. इनपुटला बॅटरी, आउटपुटला ठरावीक रोध, वेगवेगळ्या व्होल्टेजला वाचनं. प्रत्येक वाचनात आउटपुट इनपुटपेक्षा कमी, कार्यक्षमता २६ ते ६७ टक्के. आयर्लंडच्या स्टिऑर्न कंपनीनं २००६ मध्ये जाहिरात देऊन आपलं ‘फुकट ऊर्जे’चं तंत्र तपासायचं आव्हान शास्त्रज्ञांना दिलं. २२ जणांच्या पंचमंडळानं २००९ मध्ये एकमतानं सांगितलं की ऊर्जानिर्मिती दाखवता आलेली नाही.

पाणंद

तिघांचे आभार. पिंपाची कल्पना संचालकांना लगेच पटली, पाणी तापतं हे सगळ्यांना कळतं. विक्रेत्याकडून तीन मुद्दे आलेत. एक, यंत्र महावितरणपासून तोडून स्वतःच्या विजेवर चालणार नाही कारण मोटरला ‘ग्रीडची शुद्ध वीज’ लागते. दोन, त्याच्याकडे पेटंटचा क्रमांक आणि प्रयोगशाळेचा दाखला आहे. तीन, पुढच्या मॉडेलमध्ये वाफ काढणार, ती तर मोजायलाच नको म्हणे, दिसते. शिवाय आमच्याच एका संचालकांनी ट्रॉम्बेचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) शीत संमीलनावरचं १९८९ चं काम काढलं : "तिथेही आधी हसलेच होते."

तारतंत्री

पहिला मुद्दा त्याच्याच गळ्यात जातो. ३ किलोवॅट निघत असतील तर त्यातले ७५० मोटरला परत द्या, २२५० उरतात. चेंजओव्हर स्विच बसवा, मधे ‘बंद’ घर असलेला, म्हणजे ग्रीड आणि अल्टरनेटर कधीच एकमेकांना भिडणार नाहीत. समांतर जोडणी चुकूनही नको, सिंक्रोनाइझ न करता, म्हणजे दोन्हींचे तरंग न जुळवता जोडलं तर अल्टरनेटर आणि बोर्ड दोन्ही जातील. ग्रीडवर यंत्र वेगात आणा, लोड काढा, स्विच मध्यावर एक-दोन सेकंद थांबवून अल्टरनेटरवर टाका. चाक तेवढा वेळ वेग धरतं. आणि ‘शुद्ध’ वीज म्हणाल तर साध्या इंडक्शन मोटरला डिझेल जनरेटरची वीजही चालते, गावात रोज चालतेय. माझा अंदाज, मिनिटभरात चाक थांबेल. थांबायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा, त्यावरून पट्टे आणि बेअरिंगमध्ये किती वॅट जातात तेही फुकटात कळेल.

दाखल्यात कशाची चाचणी आहे ते वाचा. इन्सुलेशन रेझिस्टन्स आणि हाय व्होल्टेज टेस्टचा कागद असेल तर तो अल्टरनेटरची वाइंडिंग ठीक आहे एवढंच सांगतो. पूर्ण यंत्राचं इनपुट आणि आउटपुट, दोन्ही एकाच वेळी, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत मोजलेलं असेल तरच उपयोग.

पेटंटचा ‘क्रमांक’ बहुधा अर्जाचा असतो. अर्ज कोणीही करतो, अठरा महिन्यांनी तो प्रसिद्धही होतो. मंजुरी वेगळी. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(अ) प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणाऱ्या दाव्याला शोधच मानत नाही. क्रमांक पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकून स्थिती बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

उष्णतामापी

वाफेबद्दल. ‘दिसते म्हणून मोजायला नको’ हे बरोबर उलटं आहे. मुळात जे पांढरं दिसतं ती वाफ नव्हे, थेंब आहेत. २५ अंशांचं किलोभर पाणी १०० पर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल पुरतात, त्याची वाफ करायला वर २२५७ लागतात. नळीतून थुंकलेलं गरम पाणी वाफ म्हणून मोजलं तर निकाल आठपट फुगतो. इटलीच्या आंद्रेआ रोस्सी यांच्या, जादा उष्णता देतं असा दावा असलेल्या ‘ई-कॅट’ यंत्राच्या २०११ मधल्या प्रात्यक्षिकांवर हाच आक्षेप होता. वाफ कोरडी आहे हे दाखवायला आर्द्रतामापक वापरला होता, आणि वाफेत तरंगणारे थेंब त्या उपकरणाला मोजताच येत नाहीत. उपाय साधा आहे : वाफेची नळी तुमच्याच पिंपात बुडवा. आधीचं वजन, नंतरचं वजन, तापमानवाढ. थेंब असोत की वाफ, पाणी खरा हिशेब देतं.

त्याच यंत्राच्या स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथल्या २०१४ च्या चाचणीत वाफ टाळून थर्मल कॅमेरा वापरला. तिथे यंत्राच्या ॲल्युमिना या सिरॅमिकची उत्सर्जकता (पृष्ठभाग किती प्रमाणात उष्णता-किरण सोडतो ते) वादात सापडली. कॅमेरा ज्या तरंगलांबीत बघतो तिथली उत्सर्जकता न घेता सगळ्या वर्णपटाची घेतली तर तापमान जास्त येतं, आणि उत्सर्जन तापमानाच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे छोटी चूक मोठी होते. त्यामुळे कोणी इन्फ्रारेड बंदूक घेऊन चकचकीत पत्र्याचं तापमान सांगायला लागलं तर थांबवा.

शंकासुर

ट्रॉम्बेच्या संचालकांना सांगा की तो दाखला वेगळ्या पठडीतला आहे. मार्च १९८९ मध्ये युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी शीत संमीलनाची, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जुळवल्याची घोषणा केली. त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या गटांनी जड पाण्याच्या (ड्यूटेरियम म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या) विद्युत विघटनात न्यूट्रॉन आणि ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) सापडल्याचं नोंदवलं. म्हणजे मुख्य दावा अणुकेंद्रीय खुणांचा होता, चौपट विजेचा नव्हे. तरी प्रश्न तिथेही मोजणीचेच होते. ड्यूटेरियमच्या नेहमीच्या संमीलनात न्यूट्रॉन आणि ट्रिटियम जवळपास सारखे निघायला हवेत, पण नोंदीत ट्रिटियम प्रचंड जास्त. जड पाण्यात मुळात थोडं ट्रिटियम असू शकतं आणि विघटन होत जाईल तसं ते उरलेल्या पाण्यात साचतं. म्हणून सुरुवातीच्या पाण्याचा नमुना आणि साध्या पाण्याची जोडचाचणी, दोन्ही लागतात. युटाच्या उष्णतेवर तर पहिलाच आक्षेप असा होता की भांडं नीट ढवळलं होतं का. म्हणजे परत उष्णतामापींचा मत्स्यालयातला पंप.

एक राहिलं. पिंपाशेजारी मोठं घड्याळ ठेवा, दोन्ही मीटर, टॅकोमीटर आणि घड्याळ एकाच चौकटीत येतील असा कॅमेरा लावा आणि मधे न थांबवता चित्रण करा.

पाणंद

शेवटचं. टॅकोमीटरची परावर्तक पट्टी चाकावर लावू की अल्टरनेटरच्या पुलीवर?

तारतंत्री

दोन्हीवर. पुलींच्या व्यासांवरून जे गुणोत्तर यायला हवं त्यापेक्षा अल्टरनेटर तीन-चार टक्क्यांहून जास्त मागे पडला तर पट्टा घसरतोय. मग विक्रेता म्हणेल, "पट्टा सैल होता, परत घेऊ." पट्टे त्यालाच सकाळी ताणायला लावा आणि चाचणी सुरू व्हायच्या आधी सही घ्या.